आईची खुर्ची आणि विमानाचा नकाशा

पिअर्सन विमानतळाचा बहुतेक भाग आपल्या मिसिसागाच्याच हद्दीत, त्यामुळे माल्टनकडच्या मंडळींना अंगणात बोलताना वाक्य मध्येच थांबवायची सवय असते. पण डोक्यावरून जाणारे विमान कोणते आणि त्याच्या पोटात खुर्च्या कशा मांडल्या आहेत, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करावा लागला आईमुळे.

आईचा उजवा गुडघा नीट वाकत नाही. पाय लांब करता यावा म्हणून मी तिकिटाबरोबर वेगळे पैसे भरून तिला वाटेकडेची 'सी' खुर्ची घेतली. चार महिन्यांनी ती मुंबईला विमानात चढली तेव्हा विमानच दुसरे निघाले. संगणकाने तिला मधल्या तिघांतली मधली जागा दिली. गुडघा सुजवून आई इथे उतरली.

झाले होते ते असे. आपण तिकीट घेतो ते उड्डाणाचे, विमानाचे नव्हे. कंपनीच्या ताफ्यात अनेक जातींची विमाने असतात. दुरुस्ती निघाली, प्रवासी कमी-जास्त झाले की एकाच्या जागी दुसरे येते आणि नकाशा बदलतो. जात तीच राहिली तरी भरवसा नाही. एअर कॅनडाच्या ७७७-३००ईआर या एकाच जातीत ४०० आसनांचे आणि ४५० आसनांचे अशी दोन रूपे झाली.

खुर्ची ऐसपैस की अडचणीची, हे साध्या भागाकाराने कळते. एअरबस ए-३३० आतून सुमारे २०८ इंच रुंद आणि साध्या वर्गात बहुधा २-४-२ अशा आठ खुर्च्या : माणशी २६ इंच. बोइंग ७८७ ची रुंदी २१६ इंच, खुर्च्या ३-३-३ : माणशी २४. बोइंग ७७७ सर्वांत रुंद, २३१ इंच; पण ३-४-३ मांडणीत माणशी जेमतेम २३. (यातच दोन्ही वाटा आल्या, बरे का!) म्हणजे मोठे विमान ते प्रशस्त, ही आपली समजूत खोटी. ७८७ च्या बाजूने एक सांगायला हवे : आतला हवेचा दाब सहा हजार फुटांवर असावा तसा ठेवतात, जुन्या विमानांत तो आठ हजारांचा असे. हवाही कमी कोरडी. वयस्कर माणसांना हा फरक जाणवतो. एअर कॅनडाने जुलै २०१७ मध्ये टोरांटोहून मुंबईला थेट सेवा सुरू केली ती याच ७८७-९ ने.

तिकिटावर विमानाची खूण बारीक अक्षरांत असते. ७८९ म्हणजे ७८७-९, ३३३ म्हणजे ए-३३०-३००. रुंद विमानांत 'ए' आणि 'के' खिडकीला, 'सी', 'डी', 'जी', 'एच' बहुधा वाटेला. 'आय' एकच्या आकड्यासारखे दिसते म्हणून गाळतात. उजवा पाय दुखत असेल तर 'सी' किंवा 'जी' घ्यावी, कारण तिथे वाट उजव्या हाताला येते. डाव्यासाठी 'डी' वा 'एच'.

भिंतीसमोरची रांग बाळाच्या पाळण्यासाठी सोयीची, पण तिथे खुर्चीचे हात उचलता येत नाहीत. संकटकालीन दाराजवळ पाय पसरायला जागा पुष्कळ. मात्र ती म्हाताऱ्यांना आणि मुलांना देत नाहीत. शेपटीकडे हेलकावे जास्त, पंखांवर कमी. लहान मुलांसाठी मात्र वेगळे पैसे भरू नका : कॅनडाच्या डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाला आई किंवा वडिलांच्या शेजारचीच जागा फुकट द्यावी लागते.

यंदा आईचे परतीचे तिकीट काढल्यापासून मी दर पंधरवड्याला नकाशा उघडून बघतो. मागच्या आठवड्यात विमान बदललेले दिसले. लगेच फोन केला, गुडघ्याचे सांगितले आणि 'सी' परत मिळवली. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघणार आहे. आई म्हणते, एवढे लक्ष शाळेत दिले असतेस तर!