करडा धोबी

केवळ नावावरून पक्षी ओळखू पाहणाऱ्या नवशिक्या निरीक्षकाची करडा धोबी हमखास फसगत करतो. त्याची पाठ करडी असते हे खरे. परंतु तो उडाला की डोळ्यांत भरतो तो शेपटीच्या बुडाखालचा झळझळीत पिवळा रंग. त्यामुळे नोंदवहीत 'पिवळा धोबी' असे लिहिले जाते, आणि तो तर निराळाच पक्षी आहे. पिवळ्या धोब्याची शेपटी आखूड व पाय काळे असतात. करड्याची शेपटी खूप लांब व पाय फिकट, गुलाबीसर असतात. सुमारे १८ ते १९ सेंटिमीटर लांबीच्या या सडपातळ पक्ष्याच्या आकारात शेपटीचा वाटा मोठा आहे. विणीच्या काळात नराचा गळा काळा होतो. हिवाळ्यात मात्र तो पांढुरका दिसतो.

ही लांब शेपटी तो सतत खालीवर हलवीत असतो. 'धोबी' किंवा 'परीट' या नावांमागे दगडावर कपडे आपटणाऱ्या माणसाचे चित्र असावे, असे त्याला पाहताना वाटल्यावाचून राहत नाही. या हालचालीचे प्रयोजन काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आपण सावध आहोत हे शिकारी पक्ष्यास कळविण्याची ती खूण असावी, असे एक मत आहे.

रंगापेक्षा स्थळ ही अधिक भरवशाची खूण होय. पिवळा धोबी ओल्या शेतांत व गवताळ दलदलीत थव्याने वावरतो. करडा धोबी एकटा असतो, आणि त्याला वाहते पाणी व पाण्याबाहेर डोकावणारे दगड लागतात. यूरोपपासून पूर्व आशियापर्यंत त्याची वीण होते. हिमालयातील खळाळत्या ओढ्यांकाठी, दगडांच्या फटीत वा झाडांच्या मुळांत तो घरटे बांधतो. मादी बहुधा तीन ते सहा अंडी घालते.

महाराष्ट्रात येणाऱ्या हिवाळी पाहुण्यांत तो अगदी आधी दाखल होणाऱ्यांपैकी आहे. गणपतीच्या सुमारास, पाऊस पुरता ओसरण्याआधीच, सह्याद्रीतील ओढ्यांवर त्याची तीक्ष्ण, तुटक साद ऐकू येऊ लागते. पाण्यालगत तुरुतुरु धावत तो माश्या, भुंगेरे व बारीक जलकीटक टिपतो, आणि चाहूल लागताच लाटेसारखे हेलकावे घेत प्रवाहाच्या दिशेने पुढच्या दगडावर जाऊन बसतो.

हिवाळ्यात हा पक्षी दरवर्षी त्याच ठिकाणी, कधी शहरातील एखाद्या लहानशा बागेतही, परत येतो, असे आढळून आले आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी नोंद करताना पक्ष्याच्या नावाबरोबर ओढा, दगड व तारीखही लिहावी. दरम्यान ओढा नळात कोंडून वरून काँक्रीट ओतले गेले, तर वाहते पाणी जाते, त्यात वाढणारे कीटकही जातात. आणि पुढच्या भाद्रपदात तिथे काय घडले, हे त्या जुन्या नोंदीवाचून कळत नाही.