संवादात्मक बहुमाध्यम आणि दिव्यांग वापरकर्ता

मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने विकसित केलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात देशविदेशांतील संस्थांसाठी संगणक-प्रणाली तयार होतात. प्रणाली ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तिची कसून चाचणी घेणे हा तेथील नित्याचा भाग होय. दिव्यांग व्यक्तीस ती वापरता येते किंवा नाही, हेही याच टप्प्यावर पाहिले जाणे अगत्याचे आहे.

छापील पुस्तक वाचावयाचे असते. चित्र, ध्वनी व चलच्चित्र यांचा मेळ घालणारा संवादात्मक पाठ मात्र प्रतिसाद मागतो. ‘जिल्ह्याचे नाव माउसने ओढून नकाशावर ठेवा’ असा प्रश्न दृष्टिहीन विद्यार्थ्यापुढे आला, तर उत्तर ठाऊक असूनही ते त्याला देता येत नाही. गुण जातात ते भूगोलाचे!

मूल्यमापनाची पहिली पायरी कोणत्याही शिक्षकास करता येण्याजोगी आहे. माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाच्या साहाय्याने पाठ शेवटपर्यंत नेता येतो काय, हे पाहावे. ध्वनी बंद करून, निवेदन पडद्यावर लेखी स्वरूपात उमटते काय, हे तपासावे. त्यानंतर पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली सुरू करून, डोळे मिटून पाठ ऐकावा. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सर्वसाधारण आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. एका सेकंदात तीनहून अधिक वेळा होणारा लखलखाट अपस्माराच्या रुग्णास घातक ठरू शकतो.

काही दोष यंत्रही शोधून देते. परंतु त्यावर विसंबता येत नाही. चित्रास वर्णन जोडलेले नाही, हे यंत्रास कळते. ‘चित्र १’ एवढेच वर्णन निरर्थक आहे, हे त्यास सहसा उमगत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ अन्वये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या २९ लाखांवर होती. ग्राहकाची ओळख पटविताना डोळे मिचकावण्याची सूचना दिली जात असे. आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्यांना ती पाळणे अशक्यच होते. अशा तक्रारींवर ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने अंकीय सेवांची सुगम्यता हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. संबंधित संस्थांनी ठरावीक काळाने सुगम्यतेची तपासणी करून घ्यावी, असा आदेशही दिला. प्रणाली स्वीकारण्यापूर्वीच्या चाचणीत दृष्टिहीनांना सहभागी करून घेता येईल, असेही त्यात नमूद आहे. ‘करून घेता येईल’ ही शब्दयोजना काहीशी मवाळ वाटते. शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी अशी सामग्री खरेदी करताना ही अट करारातच घालता येते.