गाडी सुरू झाली, पण कारण कळलं का?

समजा, जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. सपाटीवर ठीक चालते, चढावर धक्के खात बंद पडते. पेट्रोल कमी पडत असावं, हा झाला अंदाज. आता फिल्टर, पंप, कार्बोरेटर तिन्ही एकदम बदलले तर गाडी कदाचित चालेलही. पण दोष कशात होता, हे कधीच कळणार नाही. प्रयोगात तीन व्हेरिएबल एकदम बदलले की हेच होतं, आणि व्हायवात नेमका तोच प्रश्न येतो.

त्यापेक्षा वाट मधोमध तोडा. पेट्रोल टाकीतून इंजिनवरच्या डायफ्रॅम पंपाकडे, तिथून कार्बोरेटरला जातं. इंजिन गार असताना, इग्निशन कॉइलला येणारी वायर काढून, कार्बोरेटरची नळी बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा. आसपास ठिणगी नको. पेट्रोलच्या जोरदार पिचकाऱ्या आल्या, तर आधी कार्बोरेटर तपासा. नाही आल्या, तर पंपाला वेगळ्या डब्यातून पेट्रोल द्या. आता आल्या तर अडथळा टाकीच्या बाजूला; तरीही नाही, तर संशय पंपावर.

पण इथेच मेख आहे. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होत असेल, तर गार इंजिनवर ते दिसणारच नाही. म्हणून वहीत ‘पंप चांगला आहे’ असं लिहू नका. ‘गार इंजिनवर पंप पेट्रोल देतो’ एवढंच लिहा.

सिनॉप्सिसमधल्या प्रत्येक चाचणीपुढे दोन ओळी लिहून बघा: उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय करणार, ‘नाही’ आलं तर काय? दोन्ही ओळी सारख्याच असतील, तर ती चाचणी कशाला करायची?