विषय काय, चाललंय काय?

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकतं, ‘परीक्षेचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख.’ पाठोपाठ पन्नास ‘ओके’, मग मीम, वाढदिवसाचे केक, मॅचचा स्कोअर. रात्री तुम्ही ग्रुप उघडता तेव्हा दोनशे मेसेज! फॉर्मची सूचना त्यात गडप आणि लेट फीचा भुर्दंड तुमच्या खिशाला.

मग अ‍ॅडमिन वैतागून ग्रुपला कुलूप लावतो. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल, ही सोय २०१८ पासून आहेच. पण वर्गात हात वर करायला लाजणारी एखादी मुलगी ग्रुपवरच शंका विचारत असते. कुलूप लागलं की तिचीही बोलती बंद. शिवाय रूम पार्टनर, जुनी पुस्तकं, हेसुद्धा अवांतर गप्पांतूनच मिळतं ना?

तेव्हा गप्पा बंद नका करू, त्यांना वेगळी जागा द्या. एक ग्रुप सूचनांचा, दुसरा कट्ट्याचा. २०२२मध्ये आलेल्या ‘कम्युनिटी’त दोन्ही एकत्र ठेवता येतात. ग्रुप एकच असेल, तर महत्त्वाचा मेसेज पिन करा. आणि ‘ओके’ लिहू नका राव, त्याच मेसेजवर अंगठा द्या. तेवढ्यानं भागतं!