मूत्रपिंडे दोन, पण रक्त एकच

‘किडन्या दोन आहेत ना, एक गेली तर दुसरी आहेच,’ असे रक्तदाब मोजताना आम्हाला अनेकजण हसत सांगतात. ते निम्मे खरे आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात, त्यातले दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर पडते. कोणी एक मूत्रपिंड दान केले तर उरलेले आकाराने वाढते आणि दोघांच्या आधीच्या कामापैकी सुमारे 70 टक्के काम एकटे उचलते. एवढी शिल्लक आपल्याकडे असते.

मग डायलिसिसवरच्या माणसाची दोन्ही मूत्रपिंडे एकदम कशी गेली?

आपल्या नळाकडे पाहा. शहराचे पाणी पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून येते. वर्षानुवर्षे ते 700 आणि 1400 मिलिमीटरच्या दोन वाहिन्यांतून आले. एक फुटली तर दुसरीवर थोडेफार भागते. पण पंपांची वीज गेली की दोन्ही कोरड्या. वाहिन्या दोन, धरण मात्र एकच. (मलिक अंबरने 17 व्या शतकात बांधलेल्या नहरीचा उगम वेगळा होता आणि पाणी उताराने यायचे. वीज जाण्याची भीती तिला नव्हती!)

मूत्रपिंडांचेही तसेच. एका बाजूला मुतखडा अडकला तर दुसरे सांभाळून घेते. पण मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि अंगदुखीच्या गोळ्या रक्तातून दोन्हीकडे सारख्याच पोहोचतात. तिथे दुसरे मूत्रपिंड कामाला येत नाही. बांधकामावर दिवसभर उन्हात राबून, पाणी कमी पिऊन, रात्री डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणाऱ्या आपल्या बंधु-भगिनींची आम्हाला सर्वांत काळजी वाटते. शरीर सुकलेले असताना ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. त्यात मेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. गाळण्या जन्माआधीच तयार होतात. कमी वजनाच्या बाळाला त्या मुळातच कमी मिळतात.

वाईट हे, की ही शिल्लकच आजार लपवते. निम्म्याच्या आसपास क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन पुष्कळदा ‘नॉर्मल’ येते. सूज, मळमळ तर त्याहून उशिरा. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीतील अल्ब्युमिनही तपासून घ्यावे. गाळण्यांची इजा तिथे आधी दिसते. घाटीत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांना तसे नाव घेऊन विचारा.

आणि जुने रिपोर्ट फेकू नका. मागच्या वर्षी क्रिएटिनिन 0.7 होते, यंदा 1.1 आहे, कागदावर दोन्ही ‘नॉर्मल’च. पण दोन्ही कागद शेजारी ठेवले तर डॉक्टरांना यातली घसरण लगेच कळेल.