पदवीनंतरही चालू राहणारे भगिनी मंडळ

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतील मुली-नाती आता अमेरिकेत शिकतात. त्यांच्यापैकी कुणी फोनवर ‘मी सोरोरिटीत जातेय’ म्हणाली की घरच्यांना सिनेमात पाहिलेल्या पार्ट्याच आठवतात. म्हणून हा प्रकार नीट समजून घेऊ.

लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. सोरोरिटी म्हणजे विद्यापीठातल्या मुलींचे, बहुधा ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेले भगिनी मंडळ. आमच्या मते यातले पाहण्यासारखे उदाहरण वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातले. तेथे 15 जानेवारी 1908 रोजी इथेल हेजमन आणि तिच्या मैत्रिणींनी ‘अल्फा काप्पा अल्फा’ स्थापन केली. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ही पहिली सोरोरिटी. कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना हिच्याच सदस्य झाल्या. आपल्याकडची कॉलेजातली मंडळे निरोप समारंभाबरोबर संपतात. इथे सदस्यत्व जन्मभराचे. पदवीधरांच्या वेगळ्या शाखा असतात, त्यामुळे पुढे डॉक्टर, शिक्षिका, वकील झालेल्या बहिणीही कामाला मिळतात.

याचा उपयोग 1935 मध्ये मिसिसिपी राज्यात दिसला. डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली या बहिणी ऐन उन्हाळ्यात मोटारी घेऊन तिथल्या होम्स काउंटीत गेल्या. बेत होता ठिकठिकाणी दवाखाने उघडण्याचा. पण कापसाच्या मळ्यांचे मालक मजुरांना तिथवर येऊ देईनात! मग औषधे मोटारीत भरून दवाखानाच मळ्यांवर नेला. मुलांना घटसर्पाच्या आणि देवीच्या लसी टोचल्या, दात तपासले, काय खावे ते समजावले. पुढेही काही वर्षे दर उन्हाळ्यात हे काम चालले.

सगळेच गोड नाही. वर्गणी बरीच असते. नव्या सदस्यांचा छळ, म्हणजे आपल्याकडचे रॅगिंग, नियमाने बंद असले तरी अमेरिकेत सगळीकडे थांबलेले नाही. तेव्हा मुलीला सरळ विचारावे: वर्षाची वर्गणी किती, प्रवेशाच्या काळात काय काय करायला लावतात, आणि गेल्या वर्षी नेमके कोणते सेवाकार्य झाले? शेवटच्या प्रश्नाला गोलगोल उत्तर आले तर आम्ही तरी सावध होऊ. आपल्या मुलींना दक्षिण आशियाई सोरोरिटीही आहेत; ‘डेल्टा फाय ओमेगा’ 1998 मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात निघाली.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला एक गोष्ट विशेष भावली. 2024 मध्ये अल्फा काप्पा अल्फाच्या सदस्यांसाठीच्या पतसंस्थेला सरकारी परवाना मिळाला. नाव ‘फॉर मेंबर्स ओन्ली’, आणि सारा व्यवहार ऑनलाइन.