मधले बरे दिवस

आपल्याकडे ‘बरा झाला’ हे फार लवकर म्हटलं जातं. ताप उतरला, बरा झाला; कावीळ गेली, बरा झाला. त्याच चालीवर, दोन महिने डोकं फिरलेला माणूस पुन्हा वेळेवर आंघोळ करून, डबा घेऊन कामाला जाऊ लागला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, सुपारी हनुमानाला नारळ फोडतात आणि गोळ्यांची पाकिटं हळूहळू कपाटात मागे सरकतात. ज्या आजाराबद्दल आज लिहायचं आहे, त्यात सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. मराठी पुस्तकांत ‘द्विध्रुवीय विकार’ असा शब्द आहे, पण तो भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. एका टोकाला उन्माद: झोपेची गरज वाटत नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात एकाच वेळी दहा योजना, खिशात पैसा टिकत नाही. दुसऱ्या टोकाला विषाद: अंथरुणातून उठवत नाही, जेवणाची चव जाते, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं वाटू लागतं. या दोन टोकांवर बरंच लिहिलं जातं. सिनेमावाल्यांनाही तीच आवडतात. त्यांच्या मधले जे दिवस असतात, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालणारे, त्यांची दखल सहसा कुणी घेत नाही. वास्तविक जे काही करण्यासारखं आहे ते बहुतेक याच दिवसांत करता येतं. फेरा एकदा आला की घरात फक्त निस्तरणं उरतं.

मी डॉक्टर नाही. उभी नोकरी बँकेत गेली, त्यातली काही वर्षं औरंगपुऱ्यात. उरलेला वेळ कादंबऱ्यांनी घेतला. बँकेच्या काउंटरमागून माणसांची मनं दिसत नाहीत, पण खाती दिसतात आणि खात्यावरून बरंच कळतं. त्या गोष्टीकडे पुढे येतो.

हा आजार वेगळा ओळखला गेला तोच मुळी मधल्या दिवसांमुळे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने १८९९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत मनोविकारांचे दोन मोठे गट पाडले. एकात माणूस हळूहळू खचत जातो. दुसऱ्यात तो फेऱ्यांनी आजारी पडतो आणि मधल्या काळात बराचसा आपल्या मूळ रूपात परततो. हा दुसरा गट म्हणजे आजचा बायपोलर. ‘बराचसा’ हा शब्द मात्र लक्षात ठेवावा. अमेरिकेत १४६ रुग्णांना सरासरी बारा-तेरा वर्षं सतत पाहून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळपास निम्मे आठवडे या रुग्णांना काही ना काही लक्षणं होती आणि त्यात उदासीचं प्रमाण उन्मादाच्या तिपटीएवढं होतं. म्हणजे बरे दिवस हे कोरे दिवस नसतात. मागे बारीकशी कुरकुर चालू असते. ती ज्याची त्यालाच ऐकू येते आणि घरचे म्हणतात, आता काय झालंय तुला, चांगला तर आहेस.

गोळी थांबवण्याची गोष्ट या आजाराच्या पहिल्या औषधाइतकीच जुनी आहे. लिथियम हे औषध उन्मादावर चालतं, हे १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने प्रसिद्ध केलं. मेलबर्नजवळ बंडूरा इथल्या रुग्णालयात त्याने उन्मादाचे दहा रुग्ण तपासले होते. त्यातला पहिला ५१ वर्षांचा. पाच वर्षं सतत उन्मादात, वॉर्डातला सगळ्यात त्रासदायक म्हणून ओळखला जाणारा. १९४८ मध्ये लिथियम सुरू झालं आणि काही आठवड्यांत माणूस इतका सुधारला, की घरी गेला आणि आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला. मग गोळ्यांत हयगय होऊ लागली. शेवटी त्या बंदच झाल्या आणि काही महिन्यांत तो पुन्हा वॉर्डात आला. औषधाने पुन्हा उतारही पडला. पण रक्तात लिथियम किती आहे हे पाहून मात्रा ठरवण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती आणि १९५० मध्ये त्याच औषधाच्या विषबाधेने तो गेला.

या एका माणसाच्या हकिगतीत दोन्ही धोके आले: गोळी सोडण्याचा आणि ती न मोजता घेण्याचा. पुढे डेन्मार्कच्या मॉगेन्स शू याने १९५४ पासून लिथियमच्या पद्धतशीर चाचण्या केल्या. १९६७ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी बास्ट्रुप याने दाखवलं, की हे औषध फेरा आल्यावर तर चालतंच, पण बरा असताना घेत राहिलं तर पुढचे फेरे कमी होतात. शूच्या स्वतःच्या भावाला वारंवार विषादाचे झटके येत, त्यामुळे त्याचं हे काम निव्वळ प्रयोगशाळेतलं नव्हतं. आज लिथियमबरोबर इतरही औषधं आहेत आणि कोणाला कोणतं द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. व्हॅल्प्रोएट हे त्यातलं एक, पण मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ते शक्यतो देत नाहीत, कारण गर्भाला धोका असतो. घरात अशी मुलगी किंवा सून असेल तर हे माहीत हवं.

गोळी माणूस का सोडतो, हे नुसतं ‘बेफिकीर आहे’ म्हणून भागत नाही. हात थरथरतो, वजन वाढतं, तहान लागते. आणि एक कारण असं, की उन्मादाची सुरुवात गोड असते. के रेडफिल्ड जेमिसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या आजारावरच्या १९९० च्या प्रमाणग्रंथाचं सहलेखन केलं. त्यांना स्वतःला हा आजार होता. १९९५ मध्ये आलेल्या आपल्या आत्मकथनात त्यांनी सांगितलं, की सगळं ठाऊक असूनही आपण लिथियम पुनःपुन्हा सोडत होतो आणि ते जिवावर बेतलं. जिचं हे शास्त्र, तिची ही गत. तर इतर कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. या आजारात झोप हा सगळ्यात हळवा धागा. दोन-तीन रात्री जागरण झालं, की त्यातून उन्माद सुरू होऊ शकतो. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी तर उठणं, जेवणं, कामाला लागणं आणि झोपणं यांच्या ठरलेल्या वेळांभोवतीच उपचाराची एक पद्धत उभी केली. आपल्या शहराचं कॅलेंडर मात्र जागरणांनी भरलेलं. अनंत चतुर्दशीला राजाबाजारातल्या संस्थान गणपतीपासून निघालेली मिरवणूक औरंगपुऱ्यात जिल्हा परिषद मैदानावरच्या विहिरीकडे येते, तेव्हा ढोलाच्या दणक्यात अख्खा मोहल्ला जागा असतो. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला लोक पहाटेच्या अंधारात निघतात. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळ्या बदलतात: या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. ज्याला हा आजार आहे त्याने डॉक्टरांचं पत्र देऊन कायम दिवसपाळी मागावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि मिरवणूक गच्चीवरून दहापर्यंत बघून खाली येऊन झोपलं, तर गणपती रागावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा प्रश्न आपल्या उन्हाळ्याचा. घाम फार जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की रक्तातलं लिथियम वाढतं. जुलाब-उलट्यांतही तेच. ब्लडप्रेशरसाठी एकाएकी मीठ तोडलं तरी तेच. निर्जळी एकादशी असो की रमजानचा रोजा, आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेणं तर फारच धोक्याचं, त्यानेही लिथियम चढतं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, जीभ जड होणं, तोल जाणं ही खूण. मग वाट न पाहता रुग्णालय गाठावं. रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात. आजार काबूत ठेवण्यासाठी बहुतेकांना लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिइक्विव्हॅलंट एवढं प्रमाण पुरतं. थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणीही ठरावीक काळाने लागते, साधारण सहा महिन्यांनी.

आता पैशाचं. १९९० च्या दशकात आमच्या शाखेत एक शिक्षक येत. नाव-गाव सांगत नाही. अत्यंत मोजून खर्च करणारे. पासबुक भरून घेताना पै-पैचा हिशेब विचारणारे. एक दिवस ते सगळ्या शाखेला पेढे घेऊन आले, प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायचा अर्ज पुढे केला. हॉटेल काढणार होते. ठेव एकट्याच्या नावावर. आपला पैसा मागणाऱ्या ग्राहकाला बँक चार शब्द सांगू शकते, अडवू शकत नाही. दीड महिन्याने त्यांच्या पत्नी रिकामं पासबुक घेऊन समोर बसल्या. मला ‘भाऊ’ म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्याच नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते वर्षभरानंतरचं. उपचार होऊन, विषादाचा लांबलचक काळ काढून सर पुन्हा पूर्वीसारखे झाले, तेव्हा ते आपण होऊन आले. जी काही शिल्लक पुन्हा जमत होती तिच्यावर त्यांनी पत्नीचं नाव घातलं आणि व्यवहार ‘दोघांपैकी कुणीही’ असा न ठेवता ‘दोघांच्या सहीने’ असा करून घेतला. घरखर्चाचं छोटं खातं वेगळं, एकट्याच्या सहीचं. हे त्यांच्यावर कुणी लादलं नव्हतं. स्वस्थ डोक्याने त्यांनी स्वतःच पुढच्या अस्वस्थ डोक्याला कुलूप घातलं होतं. आज मोबाइलवरून क्षणात पैसे जातात, तेव्हा हे जास्तच गरजेचं. मोबाइल आणि कार्ड फक्त छोट्या खात्याला, मर्यादा कमी, बाकीचं दोन सह्यांत. फेऱ्याच्या ऐन भरात हेच करायला गेलात तर भांडण होतं. बऱ्या दिवसांत चहाच्या टेबलावर होतं.

कायद्यानेही अशी सोय केली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार (तो २०१८ पासून लागू आहे) माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो, की पुढे निर्णयक्षमता गेली तर मला कोणते उपचार द्यावेत, कोणते देऊ नयेत आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळावा, हेही त्यात आहे. कायदा चांगला. अंमलाचं म्हणाल तर महाराष्ट्रातली चार जुनी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. इथल्या गरिबाची भिस्त घाटीवर. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जे सर्वेक्षण केलं, त्यात बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आपण फार वेगळे असू असं मानायला आधार नाही.

घरातल्या माणसांचं काम यात सगळ्यात अवघड. कारण मधल्या दिवसांत तेही घाबरलेले असतात. जरा मोठ्याने हसलं की सगळे एकमेकांकडे बघतात. साडी महागाची घेतली की ‘गोळी घेतलीस ना?’; जरा गप्प बसलं की तोच प्रश्न. माणसाला साधा राग यायचीही चोरी होते. जेरी पिंटो यांची २०१२ ची कादंबरी याच आजारातल्या आईची आणि माहीमच्या छोट्या घरात तिच्याभोवती वाढलेल्या मुलांची. शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ या नावाने ती मराठीत आणली आहे. पाळतही प्रेमाच्याच पोटी असते आणि तिचा जाचही होतो, हे ज्यांना कळून घ्यायचं आहे त्यांनी ती वाचावी. मला सुचतं ते एवढंच, की फेऱ्याच्या आधीच्या खुणा त्या माणसाबरोबर बसून त्यालाच ठरवू द्याव्यात: पहाटे तीनला उठून कपाट लावणं, जुन्या मित्रांना रात्री फोन करणं, जे काही त्याचं असेल ते. त्या दोन-तीन खुणा सोडून बाकीचं हसणं-रागावणं त्याचं त्याला मोकळं सोडावं. जगण्यात अर्थ नाही असं तो म्हणाला तर मात्र ते मनावर घ्यावं, एकटं ठेवू नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावं. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा फोन २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

लग्नाचा विषय निघतोच. स्थळाला सांगितलं जात नाही, म्हणून गोळ्या लपवाव्या लागतात. मांडव, पाहुणे, रात्रीची वरात, जागरण-गोंधळ आणि त्यात आठ दिवस गोळ्या बंद. यापेक्षा फेऱ्याला मोठं आमंत्रण नाही. एका पालकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच ते दहा. म्हणजे नव्वदांहून अधिक मुलं निरोगी. हा आकडा सांगून ठरलेली लग्नं मी पाहिली आहेत.

ते सर पुढे वीसेक वर्षं माझ्या संपर्कात होते. आजार गेला नाही. दोन फेरे आले, पैकी एकदाच दाखल करावं लागलं. दर जानेवारीला बँकेची डायरी ते हक्काने मागून न्यायचे आणि तिच्यात रोज रात्री चार रकाने भरायचे: झोप किती तास, मन कसं (उणे पाच ते अधिक पाच), गोळी घेतली का, आणि शेरा. डॉक्टरांकडे जाताना ती डायरी काखेत. एकदा त्यांनी मला ती चाळू दिली. मे महिन्यातलं एक पान होतं. झोप सात तास. मन शून्य. गोळ्या दोन्ही. आणि शेऱ्यात: दुपारी आमरस, तिसरी वाटी घेतली, हिने नको म्हटलं तरी.